उकळत्या मिश्रणाचा हिशेब

शुद्ध पाणी स्टीलच्या नळीवर उकळत ठेवावे आणि नळीच्या दर चौरस मीटरमधून १०० किलोवॅट उष्णता द्रवात सोडावी. नळीचा पृष्ठभाग पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षा साधारण १० ते ११ अंशांनी जास्त तापलेला राहतो. तेवढ्याच उष्णतेने शुद्ध इथेनॉल उकळले, तर हा फरक १२ ते १३ अंशांवर जातो. आता दोन्ही एकत्र करू : शंभर रेणूंत दहा इथेनॉलचे, नव्वद पाण्याचे. या मिश्रणाला किती जादा अंश लागतील? सरासरी काढणारा माणूस ११ च्या आसपास उत्तर देईल, आणि ते ऐकायला सयुक्तिकही वाटते. प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त लागतात. दीडपट लागले तरी नवल नाही. मिश्रण आपल्या दोन्ही घटकांपेक्षा अधिक कष्टाने उकळते. हे वरचे अंश कुठून येतात, आणि यंत्र बांधण्यापूर्वी कागदावर त्यांचा अंदाज कसा बांधायचा, हा या पुस्तकाचा विषय आहे.

विषय अरुंद वाटेल, पण त्याचा पसारा मोठा आहे. ऊर्ध्वपातनाचे बहुतेक कॉलम तळाच्या रिबॉइलरवर चालतात, आणि रिबॉइलर म्हणजे मिश्रण उकळण्याचे भांडे. खनिज तेलाची शुद्धीकरण केंद्रे, पेट्रोकेमिकल कारखाने, नैसर्गिक वायू उणे १६० अंशांपर्यंत थंड करून द्रवरूप करणारे प्रकल्प, अमोनिया-पाण्यावर चालणारी शीतयंत्रे, घरातले काही एअर कंडिशनर, या सगळ्यांत कुठे ना कुठे मिश्रण उकळत असते. गोव्यात काजूच्या रसाची फेणी काढणारी भट्टीही याच वर्गातली. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर तारापूर, पाताळगंगा, महाड, लोटे परशुराम या औद्योगिक वसाहतींतल्या औषधनिर्मिती कारखान्यांत वापरलेले सॉल्व्हंट परत मिळवण्याचे काम चालते. मेथॅनॉल-पाणी, आयसोप्रोपिल अल्कोहोल-पाणी, टोल्यूइन मिसळलेली कसली कसली द्रावणे तिथे बॅचमागून बॅच उकळली जातात.

साखर कारखान्यांच्या आसवनींचे नाव मी मुद्दाम मागे ठेवले. मळीच्या वॉशमधून अल्कोहोल काढणारा कॉलम आपल्याकडे घरोघरी माहीत असल्यासारखा असतो, म्हणून वाचकाला पहिले उदाहरण तेच सुचेल. पण नीट चाललेल्या अखंड कॉलमच्या तळाशी अल्कोहोल जवळजवळ उरलेलेच नसते. तिथला रिबॉइलर बहुतांशी पाणीच उकळतो, आणि त्याचे खरे दुखणे म्हणजे वॉशमधले क्षार व गाळ नळ्यांवर बसणे. द्रवात दोन्ही घटक भरपूर असतात आणि उकळता उकळता त्यांचे प्रमाण बदलत जाते, ते बॅचच्या भांड्यात. भट्टी पेटते तेव्हा द्रवाचा उत्कलनबिंदू एक असतो, उतरवायच्या वेळी दुसराच. मिश्रणाचा फटका तिथे पुरता बसतो. हा फरक ओळखता येणे ही या विषयातली पहिली शहाणपणाची पायरी आहे, कारण जिथे फटकाच नाही तिथे दुरुस्तीची सूत्रे लावून नळ्यांची संख्या वाढवणारे आराखडे मी पाहिले आहेत.

मिश्रण इतके हट्टी का वागते हे समजायला एकाच बुडबुड्याकडे जवळून पाहावे लागते. नळीचा पृष्ठभाग डोळ्याला गुळगुळीत दिसला तरी त्यावर अगदी सूक्ष्म खाचा असतात. अशा एखाद्या खाचेत अडकलेली किंचित वाफ हे बुडबुड्याचे बीज. भोवतालचा द्रव पुरेसा तापला की हे बीज फुगते, बुडबुडा मोठा होतो, सुटून वर जातो, आणि त्याच्या जागी थंड द्रव येऊन पुन्हा तापू लागतो. शुद्ध द्रवात बुडबुड्याला वाढायला लागते ती फक्त उष्णता. ती भोवतालच्या तापलेल्या थरातून बुडबुड्याच्या पृष्ठभागापर्यंत झिरपते आणि तिथला द्रव वाफ होतो.

मिश्रणात एक अट वाढते. वर घेतलेल्या मिश्रणात, म्हणजे वातावरणीय दाबाखाली सुमारे ८६.५ अंशांना उकळणाऱ्या द्रवात, शंभर रेणूंत १० इथेनॉलचे आहेत. पण त्याच्यातून निघणाऱ्या वाफेत शंभरात ४४ असतात. बुडबुडा वाढताना आपल्या कातडीलगतच्या द्रवातून इथेनॉल त्याच्या वाट्यापेक्षा चौपटीहून अधिक उचलतो. उचललेले इथेनॉल भरून निघायचे तर ते दूरच्या द्रवातून विसरणाने यावे लागते, आणि विसरण फार मंद असते. द्रवात उष्णता ज्या वेगाने पसरते त्याच्या मानाने रेणू पन्नास ते शंभर पट सावकाश पसरतात. उष्णता वेळेवर हजर होते, इथेनॉल होत नाही. परिणामी कातडीलगतचा द्रव इथेनॉलला पारखा होत जातो आणि त्याचा उत्कलनबिंदू चढतो. इथेनॉल शंभरात १० वरून २ वर आले, तर तो ८६.५ वरून ९५ अंशांच्या पुढे जातो. नळी तेवढीच तापलेली असते, पण बुडबुड्याच्या दृष्टीने तिचे जादा अंश निम्मे संपलेले असतात.

मिश्रण उकळताना उष्णतेचा हिशेब करायचा म्हणजे खरे तर पदार्थाच्या वाटचालीचा हिशेब करायचा. हे मला या सबंध विषयातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य वाटते आणि पुढची सगळी प्रकरणे त्याच्याभोवती उभी आहेत. किती वॅट जातात हे कोणता रेणू किती लवकर कातडीपाशी पोचतो यावर ठरते. ज्याने ही गोष्ट मनात पक्की केली त्याला सूत्रे पाठ करावी लागत नाहीत. कोणते सूत्र कुठे फसेल हे त्याला आधीच दिसू लागते.

याची एक सुंदर कसोटी निसर्गानेच देऊन ठेवली आहे. इथेनॉल वजनाने ९५.६ टक्क्यांवर, म्हणजे रेणूंच्या मोजणीत ८९.४ टक्क्यांवर पोचले की वाफेतले आणि द्रवातले प्रमाण एकच होते. हे स्थिरक्वाथी मिश्रण ७८.१५ अंशांना उकळते. तिथे बुडबुडा जे उचलतो ते द्रवाच्याच प्रमाणात उचलतो, म्हणून कातडीपाशी टंचाई होत नाही आणि मिश्रण एखाद्या शुद्ध द्रवासारखे उकळते. ऊर्ध्वपातन करणाऱ्याला हा बिंदू भिंतीसारखा आडवा येतो, तर उष्णतेचा हिशेब करणाऱ्याला तिथे निर्धास्त होता येते. मिश्रणासाठी कुणी नवे सूत्र मांडले, तर या बिंदूपाशी त्याची दुरुस्ती शून्यावर येते का ते मी आधी तपासतो. येत नसेल तर त्या सूत्राच्या मुळाशी पदार्थाचा हिशेब नाही.

घटकांची वाटचाल हे मुख्य कारण असले तरी एकटे नाही. मिश्रणाचे पृष्ठताण, श्यानता, घनता हे गुणधर्म घटकांच्या सरासरीवर चालत नाहीत. पाण्यात थोडेसे इथेनॉल पडले की पृष्ठताण झपाट्याने उतरतो, पुढच्या इथेनॉलने तितका उतरत नाही. शिवाय कातडीपाशी अंश खर्च होत असल्यामुळे ज्या बारीक खाचा शुद्ध द्रवात जाग्या झाल्या असत्या त्या मिश्रणात निजूनच राहतात. बुडबुडे कमी जागांवरून येतात आणि सावकाश वाढतात. या दुय्यम कारणांसाठी पुस्तकात एक स्वतंत्र प्रकरण आहे, म्हणून इथे थांबतो.

उकळण्याचा शास्त्रीय अभ्यास तसा तरुण आहे. तापलेल्या धातूवर पाण्याचा थेंब उकळून न जाता वाफेच्या गादीवर तरंगत राहतो, हे जर्मनीतल्या लायडनफ्रॉस्ट यांनी १७५६ मध्ये लिहून ठेवले होते. पण उकळण्याची संपूर्ण वाटचाल पहिल्यांदा कागदावर उतरली ती १९३४ मध्ये. जपानमधल्या सेंदाई इथल्या शिरो नुकियामा यांनी पाण्यात बुडवलेल्या बारीक तारेतून वीज सोडली. त्यांची युक्ती अशी की तीच तार तापवण्याचे साधन आणि तीच तापमापक : तारेचा विद्युतरोध मोजून तिचे तापमान कळत होते. वीज वाढवत गेले तसे बुडबुडे वाढले, जादा अंश मात्र थोडेच वाढले. मग एका मर्यादेला तार एकदम लाल झाली. शुद्ध पाण्यासाठी ही मर्यादा वातावरणीय दाबाला दर चौरस मीटरला सुमारे १० लाख वॅट आहे. तिच्यापलीकडे बुडबुड्यांची वाफ एकत्र येऊन पृष्ठभागावर पांघरूण घालते आणि द्रवाचा स्पर्शच तुटतो. नुकियामांचा तो आलेख आजही प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. जपानी भाषेतला त्यांचा लेख इंग्रजीत यायला मात्र १९६६ साल उजाडले.

त्यानंतर शुद्ध द्रवांसाठी सूत्रे येत गेली. अमेरिकेत रोसेनाऊ यांनी १९५२ मध्ये द्रव आणि पृष्ठभाग यांच्या प्रत्येक जोडीसाठी वेगळा स्थिरांक मागणारे सूत्र दिले. ते आजही वापरात आहे, पण तो स्थिरांक प्रयोगाशिवाय मिळत नाही ही त्याची अडचण. ऑक्सफर्डच्या कूपर यांनी १९८४ मध्ये वेगळी वाट धरली. त्यांना द्रवाचा रेणुभार, क्रांतिक दाबाच्या मानाने चालू दाब किती, पृष्ठभागाचा खडबडीतपणा आणि उष्णतेचा प्रवाह एवढेच पुरते. मी आरंभी दिलेले पाण्याचे आणि इथेनॉलचे आकडे कूपरच्या सूत्राचेच आहेत, पृष्ठभागाचा खडबडीतपणा १ मायक्रॉन धरून. आराखड्याच्या पहिल्या खर्ड्यासाठी मला हेच सूत्र आवडते. ते नम्र आहे : जे माहीत नसते ते मागत नाही.

मिश्रणांवरचे पद्धतशीर प्रयोग अमेरिकेत बोनिया आणि पेरी यांनी १९४१ मध्ये प्रसिद्ध केले. हॉलंडमध्ये व्हॅन वाइक, व्हॉस आणि व्हॅन स्ट्रालेन यांनी १९५६ मध्ये एक अनपेक्षित गोष्ट दाखवली : काही मिश्रणांत, विशेषतः पाण्यात थोडेसे मिथाइल इथाइल कीटोन मिसळल्यावर, बारीक तारेवर नुकियामांची ती वरची मर्यादा उलट वाढते. म्हणजे तेवढ्याच उष्णतेला मिश्रण जास्त अंश खाते, पण तार लाल व्हायच्या आधी जास्त उष्णताही सोसते. तोटा आणि लाभ दोन्ही एकाच कारणाचे. बुडबुडे लहान राहतात आणि लवकर एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे वाफेचे पांघरूण उशिरा बसते. बुडबुड्याखालच्या पातळ थरातून हलका घटक उडून गेला की तिथला पृष्ठताण वाढतो आणि तो आजूबाजूचा द्रव तापलेल्या जागेकडे ओढून घेतो, असेही त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. मग १९५९ मध्ये स्क्रिव्हेन यांनी मिश्रणातल्या एका बुडबुड्याच्या वाढीचे गणित मांडले, आणि उष्णता व विसरण या दोन्ही वाटा एकाच समीकरणात आल्या. इतका स्वच्छ लेख या विषयात दुसरा मला माहीत नाही.

आता प्रत्यक्ष अंदाजाकडे. बहुतेक पद्धतींची पहिली पायरी एकच असते : घटक वेगवेगळे उकळताना लागणारे जादा अंश त्यांच्या प्रमाणात मिसळून एक आदर्श आकडा काढायचा. आपल्या मिश्रणासाठी तो १०.७ अंश येतो. पुढे प्रत्येक पद्धत त्यात मिश्रणाची भर कशी घालते, यावरून वाटा फुटतात.

पेलेन आणि स्मॉल यांनी १९६४ मध्ये केटल रिबॉइलरसाठी सर्वांत सोपी वाट दिली. मिश्रण उकळू लागते ते तापमान आणि त्याची शेवटची वाफ होते ते तापमान यांतला फरक घ्यायचा. दर अंशाला ०.०२७ या हिशेबाने उष्णतावहनाच्या गुणांकात घातांकी घट धरायची. आपल्या मिश्रणात हा फरक सुमारे ११ अंशांचा आहे. उत्तर येते १४.४ अंश. जर्मनीतले स्टेफान आणि कोर्नर यांनी १९६९ मध्ये वाफेतल्या व द्रवातल्या प्रमाणांच्या फरकाला थेट हात घातला. इथे तो फरक ०.३४. प्रत्येक जोडीला त्यांनी एक स्थिरांक दिला, आणि जोडी अनोळखी असली तर १.५३ हा सर्वसाधारण आकडा वापरतात. तो धरला तर उत्तर १६.३. कार्ल्सरुहचे श्लुंडर यांनी १९८२ मध्ये कातडीलगतच्या विसरणाचाच हिशेब मांडला. त्यांच्या सूत्राने, पदार्थवहनाचा गुणांक सेकंदाला ०.०००२ मीटर धरून, उत्तर येते १२.४. आणि थोम यांच्या १९८३ च्या पद्धतीत उत्कलनाचा संपूर्ण पट्टा, सगळेच्या सगळे ११ अंश, नुकसान म्हणून धरला जातो. उत्तर २१.७.

तेच मिश्रण, तोच दाब, तेवढीच उष्णता, आणि उत्तरे १२.४ पासून २१.७ पर्यंत. गुणांकाच्या भाषेत सांगायचे तर दर अंशाला चौरस मीटरमागे ८,१०० वॅटपासून ४,६०० वॅटपर्यंत. नवखा अभियंता इथे हबकतो, आणि त्याला हबकू द्यावे असे माझे मत आहे. संगणकाच्या पडद्यावर एकच आकडा दोन दशांशस्थळांसह उमटतो तेव्हा त्याच्यामागे अशी चार उत्तरे असतात हे एकदा स्वतःच्या हाताने मांडून पाहिलेले बरे.

पण हबकून थांबायचे नाही. उत्तरे वेगळी का आली हे शोधता येते. थोम यांची पद्धत टंचाईची शेवटची हद्द धरते. कातडीपाशी द्रव इतका कंगाल झाला आहे की त्यातून निघणाऱ्या वाफेचे प्रमाण मूळ द्रवाइतके झाले, अशी ती हद्द. उष्णतेचा प्रवाह खूप मोठा असेल तर परिस्थिती तिकडे सरकते. मध्यम प्रवाहाला ती फार निराशावादी ठरते. म्हणूनच थोम आणि शकीर यांनी १९८७ मध्ये तीत विसरणाचा हिशेब जोडला. श्लुंडर यांचे उत्तर खाली येण्याचे कारण उलटे आहे. त्यांच्या सूत्रात पाण्याचे १०० आणि इथेनॉलचे ७८.४ यांच्यामध्ये उत्कलनबिंदू सरळ रेषेत उतरतो असे गृहीत आहे. इथेनॉल-पाण्याची खरी रेषा मुळीच सरळ नाही. पहिल्या दहा टक्के रेणूंतच ती एकूण उतारापैकी निम्म्याहून अधिक उतरून जाते. आपल्या मिश्रणापाशी खरा उतार त्या सरळ रेषेच्या सुमारे तिप्पट आहे. तो उतार घातला की श्लुंडरचे उत्तरही १६ च्या पुढे जाते आणि स्टेफान-कोर्नर यांच्या शेजारी येऊन बसते. सूत्र चुकलेले नव्हते. ज्या सोयीसाठी त्यात सरळ रेषा घातली ती सोय या जोडीला लागू नव्हती. नायट्रोजन-आरगॉनसारख्या सभ्य जोडीला ती खुशाल चालते.

यावरून माझी पसंती वाचकाने ओळखली असेल. मी श्लुंडरच्या बाजूचा आहे, त्या जागचा खरा उतार घेऊन. त्यात प्रत्येक राशीला अर्थ आहे, आणि प्रवाह वाढला की नुकसान वाढते हे त्यात आपोआप येते. पेलेन-स्मॉल यांना मात्र मी कधी हसत नाही. हायड्रोकार्बनच्या कॉलममध्ये दहा-वीस घटक असतात. तिथे कोणाच्या वाफेतल्या व द्रवातल्या प्रमाणाचा फरक घ्यायचा? उत्कलनाचा पट्टा मात्र एकच असतो आणि प्रक्रियेचे कुठलेही सॉफ्टवेअर तो देते. अशा ठिकाणी साधे सूत्र हेच प्रामाणिक सूत्र.

त्यापुढचा प्रश्न : गुणांकातला हा गोंधळ यंत्रापर्यंत किती पोचतो? स्टीमवर चालणाऱ्या एका साध्या रिबॉइलरचा हिशेब घ्या. स्टीमच्या बाजूचा गुणांक ८,०००, स्टेनलेस स्टीलच्या २ मिलिमीटर भिंतीचा साधारण तेवढाच, आणि नळीवर बसणाऱ्या थराची तरतूद ५,००० ची. उकळणाऱ्या बाजूला ८,१०० धरले तर एकूण गुणांक सुमारे १,७४५ येतो. ४,६०० धरले तर १,५००. आत पाऊणपटीहून मोठा फरक, बाहेर फक्त १६ टक्के. कारण रोध एकामागे एक रांगेत आहेत आणि मिश्रणाचा रोध त्यांतला एकच आहे. अशा यंत्रात चांगल्या सूत्राच्या शोधात आठवडे घालवण्यापेक्षा थराची तरतूद नीट ठरवावी, पाण्याची तपासणी करावी. पण शीतकाच्या स्वच्छ यंत्रात, किंवा वायू द्रवरूप करणाऱ्या प्रकल्पात, जिथे दोन्ही बाजूंत मोजकेच दोन-चार अंश खेळायला असतात आणि थर बसण्याची भीती नसते, तिथे मिश्रणाचा रोध सगळ्यांचा बाप होतो. तिथे प्रत्येक अंश म्हणजे कॉम्प्रेसरची वीज. एकच पुस्तक दोन्ही प्रकारच्या वाचकांसाठी लिहिताना ही तफावत पानोपानी लक्षात ठेवावी लागली.

अंदाज डळमळीत आहे म्हणून नळ्या भरपूर वाढवून टाकायच्या, ही आपल्याकडची रूढ पद्धत. तिच्याविरुद्ध मला स्पष्ट बोलायचे आहे. कोकणातल्या एका औषध कारखान्यात मेथॅनॉल-पाणी वेगळे करणारा बॅच रिबॉइलर पाहिला होता. पुरवठादाराने मिश्रणाच्या भीतीने क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट दिले होते. बॅच सुरू झाली की मेथॅनॉल भरपूर, द्रव ७० ते ८० अंशांना उकळणारा. एवढ्या क्षेत्रफळाला स्टीम फारच थोडी लागे, म्हणून कंट्रोल व्हॉल्व्ह जवळजवळ बंद. शेलमधला दाब उतरत वातावरणाच्याही खाली जाई. मग कंडेन्सेट स्टीम ट्रॅपमधून बाहेर जायला दाबच उरत नसे. ते साचून खालच्या नळ्या बुडत, उष्णता घटे, व्हॉल्व्ह उघडे, साचलेल्या गार पाण्यावर ताजी स्टीम आदळे आणि सबंध पाइपलाइन घणाचे घाव पडल्यासारखी धडधडे. ऑपरेटर बिचारे बायपास उघडून कंडेन्सेट गटारात सोडत. बॅचच्या शेवटी, भांड्यात पाणीच उरले की, सारे शांत. क्षेत्रफळ कमी असते तर ही कटकट झालीच नसती. जास्तीचे क्षेत्रफळ म्हणजे सुरक्षितता नव्हे. अंदाज दोन्ही टोकांना, बॅचच्या सुरुवातीला आणि अखेरीला, तपासावा लागतो.

नळीतून वाहता वाहता उकळणाऱ्या मिश्रणाचा विचार दुसऱ्या भागात आहे. चेन यांनी १९६६ मध्ये शुद्ध द्रवांसाठी बुडबुड्यांचा वाटा आणि प्रवाहाचा वाटा वेगळा करून त्यांची बेरीज केली. मिश्रणासाठी ही चौकट तशीच ठेवून बुडबुड्यांच्या वाट्याला वरची दुरुस्ती लावतात. वाहत्या मिश्रणात आणखी एक गोष्ट घडते : हलका घटक आधी निघून जात असल्यामुळे द्रवाचा उत्कलनबिंदू नळीच्या लांबीबरोबर चढत जातो. एअर कंडिशनरमधल्या आर-४०७सी या शीतकाचेच पाहा. वजनाने आर-३२ चे २३, आर-१२५ चे २५ आणि आर-१३४ए चे ५२ भाग असलेले हे मिश्रण, स्थिर दाबाखाली उकळायला लागल्यापासून पुरते संपेपर्यंत ५ ते ७ अंश चढते. हवा आणि शीतक उलट दिशांनी वाहतील अशी रचना केली तर ही चढण कामी येते, नाहीतर नुकसान करते. हे मिश्रण गळाले तर हलके घटक आधी जातात आणि उरलेल्याचे प्रमाण बदलते. म्हणून दुरुस्ती करणाऱ्याने वरून भर न घालता सगळे काढून नव्याने, तेही द्रवरूपात भरायचे असते.

काही दारे या पुस्तकात उघडलेली नाहीत. खाचा कोरलेल्या किंवा सच्छिद्र लेप दिलेल्या नळ्यांवर मिश्रण कसे उकळते, हा वेगळ्या ग्रंथाचा विषय आहे. त्या नळ्यांचा फायदा शुद्ध द्रवात जितका मिळतो तितका मिश्रणात बहुधा मिळत नाही, एवढा इशारा इथे पुरे. गुऱ्हाळाच्या काहिलीतला उसाचा रसही बाजूला ठेवला आहे. साखर वाफेत जात नाही. त्यामुळे तिथे हलक्या घटकाची टंचाई होण्याऐवजी जड घटक दाटत जातो आणि रसाची श्यानता सगळे काबीज करते.

वाचकाकडून माझी अपेक्षा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाइतक्या तयारीची आहे : ऊर्ध्वपातनाचा आलेख वाचता यावा, लॉगॅरिदम वापरता यावेत. कारखान्यात काम करणाऱ्यांनी पहिली तीन प्रकरणे भराभर वाचली तरी चालेल, चौथे मात्र हातात पेन्सिल घेऊन वाचावे. तिथे इथेनॉल-पाण्याचे हेच मिश्रण घेतले आहे, शंभरात २ रेणूंपासून ८९ पर्यंत टप्प्याटप्प्याने. प्रत्येक टप्प्याला चारही पद्धतींचे उत्तर काढले आहे. आकडे तपासताना जवळ वाफ आणि द्रव यांच्या समतोलाचा तक्ता असू द्यावा, आणि ० ते १० या पट्ट्यात वाचन जितके बारीक घेता येईल तितके घ्यावे, कारण त्या पट्ट्यात रेषा सर्वांत जास्त वाकते.